कडूबाईंच्या नागिणीचं शेपूट

ज्याला या जगात टिकायचंय, त्याला काहीही न करता जागा धरून बसता आलं पाहिजे. याबाबतीत कांजिण्यांचा विषाणू आदर्श आहे. लहानपणी फोड सुकतात, घरचे कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ घालून मोकळे होतात. सदर विषाणू मात्र जात नाही. तो मज्जातंतूच्या पेशीत शिरतो आणि वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. (काहीच करत नाही, त्यामुळं शरीराच्या पहारेकऱ्यांची तक्रारही नाही.)

पुढं वय झालं, अंगातली ताकद सरली, की साहेब पदभार स्वीकारतात. कारखाना पेशीचा, माल पेशीचा, राबणारेही पेशीचेच. हा फक्त हुकूम सोडतो आणि आपलीच पिलावळ काढून घेतो. असे चेअरमन आपल्या जिल्ह्याला काही नवे नाहीत. मग ती पिलावळ नसेच्या वाटेनं कातडीवर येते. तिला आपण नागीण म्हणतो.

पाथर्डीकडच्या कडूबाईंना ती कपाळावर उठली, थेट उजव्या पापणीपर्यंत. नागिणीवरचा उपाय गावात शंभर टक्के लोकांना ठाऊक होता (यात डॉक्टर धरलेले नाहीत).

"डोळा लई ठणकतोय रं," कडूबाई मुलाला म्हणाल्या.

"आत्याबाई, आजच दवाखान्यात चला. गोळ्या लगीच सुरू झाल्या न्हाईत तर नजर जाती," सून रेश्मा म्हणाली. तिला चहा ठेवायला पाठवण्यात आलं.

मुलगा भागवत यानं गेरू लावणाऱ्या काकासाहेबांना बोलावलं. नागिणीचं तोंड आणि शेपूट भेटलं की माणूस जातो, हा नियम. कमरेवरची नागीण दोऱ्यानं मोजता येते. कपाळावर शेपूट कुठलं, यावर ओट्यावर सभा भरली. काकासाहेबांनी डोक्याला दोरा गुंडाळून पाहिला.

"शेपूट भांगात हाय, तोंड डोळ्यापाशी. मागं केसं हायेत, तिला वाट न्हाई. घोर करू नका. दवाखान्यात नेऊन सुई मातर टोचायची न्हाई, चवताळती."

सगळ्यांना हायसं वाटलं. लेप चढला.

यथावकाश फोड सुकले. तोंड-शेपूट शेवटपर्यंत भेटलं नाही, त्यामुळं उपाय यशस्वी ठरला आणि काकासाहेबांना फेटा बांधण्यात आला. कडूबाईंनी तो डाव्या डोळ्यानं पाहिला. उजव्यानं दिसणं कायमचं बंद झालं होतं. पण उजवा डोळा नियमात बसत नव्हता.

"आता डोळा कुठनं आनायचा?" रेश्मा सगळ्यांदेखत रडली.

"जीव वाचला न्हवं?" सभेनं समजूत काढली.

तुम्ही शिकलेसवरलेले, तुम्हाला हसू आलं असणार. हसा की. उद्या तुमच्याच आईच्या पापणीवर फोड उठला, तर तिला दवाखान्यात न्यालच. पण "निघायच्या आधी जरा गेरू लावून बघू, त्यात काय बिघडतंय," असं घरात जो कोणी हळूच म्हणेल, तो तुम्हीच असाल.