लॅमॉन्ट बर्फात बसतो

लॅमॉन्ट प्रुइटने ऑम्लेटचा पहिला घास तोंडात घातला आणि भोजनगृहाच्या दारात वेंडल क्रोल दत्त म्हणून उभा राहिला. वेंडल म्हणजे सत्तरीचा, गुडघे धरलेला, भेटेल त्याला आईची खुशाली विचारणारा भला माणूस. पण ऑगस्टच्या या शेवटच्या मंगळवारी त्याला नुसतं बघून तीनतीनशे पौंडांचे गडी वाट बदलायचे. सराव शिबिरातल्या बऱ्याच जणांना आज दुपारी चारच्या आत नारळ मिळणार होता, आणि तो हातात ठेवण्याचं काम वेंडलकडे होतं. तो फक्त खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "कोच बोलावतोय. टॅबलेट घेऊन ये." डावपेचांचा टॅबलेट परत केला की खेळ खलास.

लॅमॉन्ट अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर होता. चेंडू घेऊन अंगावर येणाऱ्याला आडवा करायचा, हा त्याचा धंदा, आणि त्यात तो कुणाला हार जायचा नाही. पण वय एकतीस, डावा खांदा कुरकुरणारा, आणि चार संघांनी आजवर त्याला घरी पाठवलेलं. इथूनही गेला तर पुढे कुत्रं विचारणार नव्हतं. आणखी एक हंगाम खेळायला मिळावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

"सिओने, म्हातारा माझ्याकडे बघतोय का तुझ्याकडे?"

बचावफळीतला त्याचा जोडीदार सिओने ताटात डोकं खुपसून म्हणाला, "मी इथे नाहीच."

"माझ्याकडेच बघतोय रे."

"मग तूही नसल्यासारखा बस. आणि हळू बोल, उगाच माझ्याकडे लक्ष जाईल."

टॅबलेट परत न करता कुणी संघाबाहेर गेल्याचं लॅमॉन्टने कधी पाहिलं नव्हतं. मग टॅबलेटच सापडला नाही तर? टॅबलेटवालाही सापडला नाही तर? जन्मभर बचाव खेळलेल्या माणसाचं डोकं असंच चालायचं. घड्याळ संपेपर्यंत समोरच्याला पुढे सरकू द्यायचं नाही, की सामना आपला.

त्याने मागच्या दाराने स्वयंपाकघर गाठलं आणि फ्रीझरमधल्या कोंबडीच्या पाकिटांखाली टॅबलेट सरकवला.

"ए दांडगटा, काय चाललंय?" आचारीण मार्वा ओरडली.

"मावशी, मी इथे आलोच नव्हतो."

"मग हे ऑम्लेट घेऊन कोण उभंय? तुझं भूत?"

दुपारपर्यंत तो हेल्मेटांच्या कोठीत बसून राहिला. शेवटी भूक असह्य झाली म्हणून बाहेर डोकावला, तर बोळाच्या टोकाला वेंडल! "लॅमॉन्ट, अरे ऐक तरी—" लॅमॉन्टने धूम ठोकली. तो बोळ एकाच खोलीत संपत होता. तिथे पडद्याआड खेळाडूंच्या दुखऱ्या अंगासाठी बर्फाच्या पाण्याची टाकी होती. फोन पडद्याबाहेरच्या स्टुलावर टाकून तो बुटांसकट आत उतरला.

पाठोपाठ लंगडत वेंडल आला. "आहेस का रे आत?"

लॅमॉन्ट हनुवटीपर्यंत पाण्यात गेला.

"नसशील तर मी जरा टेकतो. गुडघे बोलायला लागलेत." आणि तो पडद्याबाहेरच्या बाकावर सँडविच खात बसला. लॅमॉन्टला आधी पायांची बोटं कळेनाशी झाली, मग पाय.

तेवढ्यात फोन वाजला. वेंडलने उचलला. "बोल शॅनिस पोरी. हो, तुझा नवरा इथेच आहे. बर्फात. नाही गं, कपड्यांसकट. का ते मलाही कळत नाहीये."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. लॅमॉन्ट उसळून बाहेर आला. "चार वाजले! आता मला काढता येत नाही!"

"तुझं नाव लीगला सकाळीच कळवलं रे," वेंडल हळूच म्हणाला. "त्याला तू कशाला लागतोस?"

"आणि टॅबलेट?"

"तो कचेरीत बसल्या बसल्या बंद करतात."

"मग दिवसभर माझ्या मागे का लागला होतास?"

"असली गोष्ट माणसाने माणसाला तोंडावर सांगावी. फोनवर वाचायला लागू नये."

लॅमॉन्टला रडू आलं. पण दात असे काही वाजत होते, की धड रडताही येईना. वेंडलने त्याला टॉवेलात गुंडाळला आणि कोच हॅलोरनपुढे नेऊन उभा केला.

"वेंडल उद्यापासून मुलीकडे राहायला जातोय," कोच म्हणाला. "त्याची जागा घेशील?"

"मी?"

"आम्ही धरून पाच संघांनी तुला काढलंय. कुणाला घरी पाठवताना काय बोलावं आणि काय बोलू नये, हे तुझ्याइतकं आख्ख्या लीगमध्ये कुणाला कळतं?"

हा मान की अपमान, लॅमॉन्टला उमजेना. ओल्या बुटांतून कोचच्या गालिच्यावर पाणी गळत होतं, आणि कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणून तो हो म्हणाला आणि बाहेर येऊन त्याने बायकोला फोन लावला.

"शॅनिस, मला काढलं. आणि ठेवलंही."

"नीट सांग. राहिलास का गेलास?"

"कळलं की सांगतो."

संध्याकाळी कर्मचाऱ्यांचं करडं जाकीट घालून तो जेवायला गेला. संघात पक्के झालेले गडी हसतखिदळत बसले होते. लॅमॉन्ट ताट घेऊन आपल्या नेहमीच्या टेबलाशी आला, तसं हसणं थांबलं. एकाला अचानक फोन आठवला, दुसऱ्याला पोटदुखी. बघता बघता टेबल रिकामं झालं. सिओने तेवढा राहिला, कारण तो कोपऱ्यात अडकला होता. लॅमॉन्टने त्याच्या दिशेने हात पुढे केला.

सिओनेच्या हातातून कोंबडीची तंगडी गळून पडली. तो हळूहळू उभा राहिला, हात रुमालाला पुसत म्हणाला, "आधी आईला फोन करून घेऊ का?"

"अरे बाबा," लॅमॉन्ट म्हणाला, "मला मीठ हवंय."