चाळीस भाकरींचा परवाना

आमचे शेजारी गुलाबनाना बाजारातून बरेचदा रिकामी पिशवी घेऊन परतत. वांगी विकणारी बाई भाव उतरवेना, तर घासाघीस सोडून हे तिलाच शाबासकी देत. "बरोबर हाये बाई! माल तुहा, मर्जी तुही!" मग घरी येऊन चटणी-भाकर खात.

मोर्शीत असा माणूस दुसरा नव्हता. ते दिवस लेव्हीचे. सरकार ठरवलेल्या भावानं ज्वारी घ्यायचं आणि उरलेली राज्याबाहेर न्यायला बंदी. नाना ओट्यावर बसून आम्हां मास्तरांना सुनावत, "वावर माहं, घाम माहा, अन् जवारी कोठी न्याची हे सरकार सांगनार? काहून?" आम्ही सरकारी पगारावर जगणारे. गुपचूप माना डोलवायचो.

नाना एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि एकुलती एक लेक कमल राज्याच्या सरहद्दीपलीकडे मुलताईला दिलेली. नव्या ज्वारीचं पहिलं पोतं ओळखीच्या ट्रकनं लेकीकडे जायचं, हा घरचा रिवाज. बंदीच्या वर्षी ते पोतं नाक्यावरून परत आलं. नाना तडक नाक्यावर गेले, शिपायाकडून हुकूम तीनदा वाचून घेतला आणि खुशीत घरी आले.

"मास्तर, हुकमात जवारी हाये. भाकर नाही!"

दुसऱ्या दिवशी आमच्या घरासकट आळीत तीन चुली पेटल्या. चाळीस भाकरी धोतरात बांधून नाना एसटीत बसले. शिपायानं गाठोडं सोडलं, हुकूम पाहिला, डोकं खाजवलं आणि नानांना जाऊ दिलं. पोतं वर्षाचं असे. भाकरी मात्र दर पंधरवड्याला न्याव्या लागत.

एकदा मीही सोबत गेलो. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा नानांचा जुना नेम. ते बाहेर ओट्यावरच बसले. कमलनं समोर बसून भाकरीचा तुकडा मोडला.

"आपल्या वावराची चव हाये नं?"

"हाये, बाबा."

एवढंच बोलणं. ती खात होती आणि नाना बघत होते. तासाभरानं आम्ही परतीच्या गाडीत होतो.

पुढे बंदी उठली. मी पेढे घेऊन धावलो. "नाना, जिंकलात की हो!"

नानांनी पेढा हातात धरून ठेवला. "पोतं गेलं ट्रकनं. पोचल्याचं कार्डबी आलं."

"मग तोंड का असं?"

"भाकरी होत्या तं मले जा लागे, मास्तर. आता मी कायले जाऊ? तिची सासू इचारन, बुढा काहून आला?"

मी म्हटलं, "सांगायचं, लेकीला पाहायला आलो."

सरकारला न भिणारा हा माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "असं सांगता येते का?"

ते खरंच विचारत होते.