फळ्याचा खालचा अर्धा भाग

गणिताच्या बाईंचा उजवा हात खांद्याइतका वर बिनतक्रार जायचा. त्याच्या वर नेला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण शाळेची तपासणी तोंडावर आलेली, आणि दुखण्याखुपण्याची कुणकुण लागली की मुख्याध्यापिका वर्ग काढून घेत. म्हणून बाईंनी गुपचूप फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात लिहायला सुरुवात केली.

मागच्या बाकांना काही दिसेना, तेव्हा ती मुलं उभी राहिली. आपणच बसलोय हे बरं दिसेना म्हणून पुढचीही उठली. त्यामुळे मागच्यांना पुन्हा दिसेना. पण आता आधी बसणार कोण? सगळा वर्ग माना उंचावून फळ्याकडे बघत राहिला. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका दारातून डोकावल्या आणि भारावून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून शाळेतल्या प्रत्येक वर्गाने उभं राहून शिकायचं, असा हुकूम सुटला. मुलांचे पाय भरून आले. शिक्षकांच्या खोलीत बाईंशी कोणी धड बोलेना.

घरी नवऱ्याने उत्साहाने मालीश केलं. सकाळी बाईंच्या हाताला कंगवाही पेलेना. मग त्याने तो हात ओढणीने गळ्यात बांधला आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी हात हळूहळू वर नेऊन पाहिला. खांद्याच्या हाडाखाली स्नायूचा पट्टा घासून सुजला होता. त्यांनी आधी ओढणी सोडायला लावली.

"हात बांधून ठेवलात तर खांदा आखडेल. भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा थोडा वर न्यायचा. फार दुखलं की थांबायचं."

"आणि मालीश?" नवऱ्याने विचारलं.

"ते तुम्ही थांबवायचं."

बरं व्हायला काही आठवडे लागणार होते. तोवर अख्ख्या शाळेला उभं ठेवणं बाईंच्या जिवावर आलं. वर्ग गेला तर गेला, असं म्हणत त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मुख्याध्यापिका उठल्या, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"माझा डावा. दोन महिने झाले. हे डॉक्टर संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतात?"