नत्थूकाकांची बाटली

नत्थूकाकांकडे पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी नदी मिळायची. खुंटीवरची काचेची बाटली उतरवून ते झाकणभर पाणी पाहुण्याच्या हातावर ओतत आणि विचारत, "सांग गा, लोणचं का पापड?"

लोणचं म्हणजे फार खारं, पापड म्हणजे जरा कमी. पाणी काकांच्या गावच्या नदीचं. गल्लीतले लोक चहा लवकर मिळावा म्हणून "गोड, गोड" म्हणून मोकळे होत. मला खोटं जमत नसे.

"काका, तुम्हीच का चाखत नाही?" मी एकदा भीत भीत विचारलं.

"माही जीभ त्याच पान्यावर वाढली. मले सारंच गोड लागते."

नागपूरच्या लकडगंजात आमच्या खोल्या लागून होत्या. काका आरा मशीनवर लाकूड चिरायचे आणि कित्येक वर्षांपासून दर रविवारी पहाटेच्या मोटारीनं गावी जाऊन नदीच्या वरच्या बरडीवर, त्या उघड्या मुरमाड चढावर, झाडं लावायचे. मालक हसायचा, "नत्थू, सहा दिवस झाडं कापून राहिला, आन् सातव्या दिवशी लावून राहिला! माहाच धंदा वाढवतं का गा?"

"ते कापासाठी नाही, शेठ," काका खिशातल्या बिया चाचपत म्हणायचे.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. बरडीवरची झाडं तुटली, मुरलेलं पाणी पिणारं कुणी उरलं नाही. मग ते जमिनीतलं मीठ घेऊन वर चढलं आणि नदीत उतरलं. झाडं आली की मीठ खालीच राहील. मी बी.एस्सी.ला होतो, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. तरी हे खरं की खोटं, मला सांगता येईना. मी फक्त चाखायचो. पहिल्या वर्षी लोणचं. दुसऱ्या वर्षी पापड.

तिसऱ्या वर्षी काका मला सोबत घेऊन गेले. मला वाटलं होतं, पाच-पन्नास रोपं असतील. मोटारीतून उतरलो, वर पाहिलं आणि तिथंच थांबलो. अख्खी बरडी हिरवी होती. करंज, कडुनिंब, मोह, एकाची सावली दुसऱ्यावर. एका माणसानं, नुसत्या रविवारांत!

"चाल गा, झाडं काही पळून नाही चालले."

नदीवर मी ओंजळभर पाणी प्यालो. पुन्हा प्यालो.

"काका, गोड आहे."

"तू बी? तुले बी चहा पाह्यजे का?"

त्यांनी पिशवीतून झाकणासकट पातेल्याएवढा गंज काढला, तीन दगड मांडले, नदीचं पाणी घातलं आणि तुरीची डाळ चढवली. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे मला तिथं कळलं.

"तुही काकू लगन होऊन नागपुरातून आली," जाळाकडे बघत ते म्हणाले. "रोज डाळ टणक. माय म्हने, हिले शिजवताच येत नाही. मी बी तेच म्हनलो. एकडाव ताट फेकलं."

काकू वारून वीसेक वर्षं झाली होती.

झाकण उचलायला त्यांचा हात होईना. "तूच पाह्य." मी एक दाणा काढून त्यांच्या बोटांवर ठेवला. त्यांनी हलकेच दाबला. तो लोण्यासारखा पसरला.

काकांनी पळसाच्या पानांच्या तीन पत्रावळी मांडल्या. आम्ही तर दोघंच होतो. त्यांनी आधी तिसरीवर वाढलं आणि कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "शिजली वं. पान्याचाच दोष होता."