‘अहो’ला परवानगी द्यायची का?

घंटी आणायची नाही, असं मी ठरवलं. एवढा एकच निर्णय माझा. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं.

त्याचं असं झालं, हिच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरतंतूवर गाठ होती, टाचणीच्या डोक्याएवढी. पस्तीस वर्षं साठ-साठ मुलांच्या वर्गांवर आवाज चढवल्याचा परिणाम. गाठ निघाली, साधीच निघाली. पण घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, “दहा दिवस पूर्ण मौन. एक शब्द नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं जास्त ताण येतो. जखम भरायच्या आत आवाज काढलात तर तो कायमचा घोगरा राहील. मग मलाही काही करता येणार नाही.”

हे त्या हिला सांगत होत्या, घाबरलो मात्र मी. (मी घाबरतोच. संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळून मला एकोणचाळीस वर्षं झाली आणि माझ्या प्रबंधात एकशे बाराव्या पानावर एक चूक आहे. अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही. पण अनोळखी नंबरावरून फोन आला की मला आधी तेच वाटतं.)

घरी आल्यावर मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती लांब राहते, पण तिथून आमच्याकडे बारीक लक्ष असतं.

“बाबा, आईला काही हवं असलं तर ती तुम्हाला हाक कशी मारणार? टेबलावर ठेवायची घंटी मिळते बघा, ती आणा. आई वाजवेल, तुम्ही जायचं.”

“घंटी वाजली की धावत जायला मी काय शिपाई आहे?”

“मग आत्ता काय करता?”

“दर पाच मिनिटांनी जाऊन बघतो, काही हवंय का.”

हिनं मांडीवरच्या पुसायच्या पाटीवर लिहिलं आणि पाटी फोनसमोर धरली : ‘घंटी आणा म्हणावं. झोपू देत नाहीत.’

मी ते वाचलं नाही असं दाखवलं.

खरं कारण शिपाई हे नव्हतंच. घंटीला आवाज असतो, पण तो हिचा नसतो. पहिल्याच दुपारी घर इतकं गप्प झालं की फ्रिज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो, हे मला कळायला लागलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली. दिवसाला निदान चाळीस वेळा ‘अहो’ ऐकत आलोय. (गुणाकार मी केलेला आहे, इथे देत नाही.) आणि आता एकदम शून्य. हा आवाज दहा दिवसांनी येईल ना, आणि आला तर तोच येईल ना, या काळजीनं मला काही सुचेना. काही सुचेनासं झालं की मी संगणकाकडे वळतो.

तिथे मला ती युक्ती सापडली. ब्राउझरमध्ये आपण पत्ता लिहितो त्याच्या सुरुवातीला एक खूण असते. साध्या पानांची खूण वेगळी, मेल पाठवायच्या दुव्याची वेगळी. आवक कारकून अर्जावरचं पहिलं अक्षर बघून तो कुठल्या टेबलावर पाठवायचा ते ठरवतो, तसंच हे. याला म्हणतात प्रोटोकॉल. आणि गंमत म्हणजे आपली स्वतःची नवी खूणही करता येते. ब्राउझरला ती कळत नाही. तो संगणकाला विचारतो, “हे कोण बघतं?” संगणकाच्या नोंदवहीत आपण आधीच लिहून ठेवलेलं असतं, “ही खूण आली की अमुक प्रोग्रॅमला उठवा.” बस्स. पुढचं तो प्रोग्रॅम बघतो.

मी नवी खूण ठरवली : ‘अहो’. (ती रोमन लिपीत लिहावी लागली. ब्राउझरला मराठी खूण चालत नाही. हिला मी हे सांगितलं नाही, ती व्याकरण शिकवायची.)

योजना अशी होती. हिच्या उशाशी लॅपटॉप. त्यावर एक पान, पानावर आठ मोठी बटणं : पाणी, औषध, पंखा कमी, पंखा जास्त, दार वाजलं, फोन आला, इकडे या, आणि शेवटचं ‘काही नाही, सहज’. हे शेवटचं मी फार विचार करून घातलं होतं, कारण माणूस नेहमी कामासाठीच हाक मारतो असं नाही. बटण दाबलं की ‘अहो’ खुणेचा पत्ता उघडणार, माझा प्रोग्रॅम जागा होणार आणि माझ्या गळ्यात अडकवलेल्या छोट्या बिनतारी स्पीकरमधून आवाज येणार : “अहो... पाणी.”

आवाज अर्थात हिचाच. फोनमध्ये हिचे दोनशे अकरा ध्वनिसंदेश साठलेले होते. ते सगळे मी दोन दिवस बसून ऐकले. एकशे शहाण्णव ‘अहो’नं सुरू होत होते. (मी वर्गीकरण केलं. चष्मा सापडल्याचा ‘अहो’, कोणी आलंय हे मला बजावणारा ‘अहो’, नळ उघडा राहिल्याचा ‘अहो’, असे एकूण सात प्रकार.) त्यातले बहुतेक नळाच्या जातीचे निघाले. शेवटी एक सापडला. मी एकदा परगावी परीक्षक म्हणून गेलो होतो, त्या दिवशीचा. “अहो, पोहोचलात का?” त्यातला ‘अहो’ इतका मऊ होता की मी तो कापून घेतला आणि काही वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. ‘पाणी’, ‘औषध’ वगैरे शब्द इतर संदेशांतून उचलले. आठव्या बटणासाठी मात्र काही मिळालं नाही. हिनं मला सहज असा संदेश कधी पाठवलाच नव्हता. ती जागा मी तूर्त रिकामी ठेवली.

तिसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. मी गळ्यात स्पीकर घालून स्वयंपाकघरात उभा राहिलो. काहीच ऐकू येईना. म्हणून आत गेलो, तर ही लॅपटॉपकडे रोखून बघत होती. पडद्यावर चौकट आली होती : ‘हे पान अहो उघडू इच्छिते. परवानगी द्यायची का?’

हिनं पाटी उचलली : ‘मला अहो म्हणायला परवानगी लागते?’

“अगं, ती ब्राउझरची पद्धत आहे. सुरक्षिततेसाठी.”

‘कोणाच्या?’

मी ‘नेहमी परवानगी द्या’वर टिचकी मारून तो विषय संपवला.

मग मात्र यंत्रणा छान चालली. “अहो... औषध.” मी औषध घेऊन हजर. “अहो... पंखा कमी.” पंखा कमी. हिच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक दिसलं. निदान मला तसं वाटलं. मी मुलीला फोन करून सगळं समजावलं.

“बाबा, पण आवाज तर साध्या पानातूनही वाजवता येतो. एका ओळीचं काम आहे. नवा प्रोटोकॉल कशाला?”

मी या कामात तोवर एकोणीस तास घालवले होते. ती ओळ ऐकायची माझी तयारी नव्हती. आवाज नीट येत नाही असं सांगून मी फोन ठेवला.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. प्रोग्रॅम लिहिताना मला काळजी वाटली, समजा, आपल्याकडे उत्तर नाही असा अर्ज आला तर? तो केराच्या टोपलीत टाकणं मला जमत नाही. आयुष्यभर मी विद्यार्थ्याचा एकही प्रश्न टाकून दिला नाही. म्हणून मी नियम घातला : आधी ‘अहो’ म्हणावं, पुढचा शब्द शोधावा, आणि तो मिळाला नाही तर पत्ता आदरपूर्वक ब्राउझरकडे परत पाठवावा. त्याला काहीतरी कळत असेल.

ब्राउझरला काय कळत होतं? त्याला ‘अहो’ची खूण दिसली की तो संगणकाला विचारणार, संगणक माझ्या प्रोग्रॅमला उठवणार, प्रोग्रॅम ‘अहो’ म्हणून पत्ता पुन्हा ब्राउझरकडे पाठवणार. आणि परवानगी तर मीच कायमची देऊन बसलो होतो.

सहाव्या दिवशी सकाळी विजेचा मीटर बघायला एक गृहस्थ आले. मी दारात उभा राहून त्यांना जुनी बिलं दाखवत होतो, तेवढ्यात गळ्यातून आवाज आला, “अहो...”

“काका, आत कोणीतरी बोलावतंय,” ते म्हणाले.

“हो, आमची ही. आता पुढे सांगेल काय ते.”

“अहो...”

“सांगत नाहीयेत.”

“अहो... अहो... अहो...”

ते गृहस्थ वाकले आणि त्यांनी माझ्या छातीला कान लावला. “काका, हे तर तुमच्यातून येतंय!”

“बायकोच आहे ती.”

“आत?” ते दोन पावलं मागे सरकले. “आम्ही पुढच्या महिन्यात येतो.”

“अहो-अहो-अहो-अहो...” आता मध्ये श्वासही नव्हता. तोच मऊ ‘अहो’, पण इतका भरभर की घरात कोणी रेलगाडी सोडल्यासारखं वाटत होतं. मी स्पीकर काढायला गेलो, तर दोरी कानाशी चष्म्यात अडकली. चष्मा पडला. चष्मा शोधावा की आत धावावं, हे ठरवण्यात आणखी वीस-पंचवीस ‘अहो’ गेले.

इकडे खोलीत हिला वाटलं काय? तर आपण पहिल्यांदाच ते ‘सहज’ बटण (ज्याचा शब्द मी भरलाच नव्हता) दाबलं आणि हे आले नाहीत. लॅपटॉपवर पानामागून पान उघडतंय, बाहेर आपलाच आवाज अखंड हाका मारतोय आणि तरी हे येत नाहीत! म्हणजे हे पडले. बाथरूमसमोर पडले, जिन्यात पडले, कुठेतरी पडलेच. (हे तिनं मागाहून पाटीवर लिहिलं, दोन वेळा पुसून.)

मी भिंतीला धरून दारापर्यंत पोहोचलो, तेव्हा ही पलंगावरून उठून उभी होती. एक हात गळ्यावर. डोळे भरलेले. आणि तोंड उघडलेलं. मी चाळीस वर्षं ते तोंड पाहतोय. पुढच्या क्षणी काय बाहेर पडणार आणि किती जोरात, हे मला चष्म्याशिवायही कळलं.

मी झेप घेतली असं म्हणणार होतो, पण या वयात तिला झेप म्हणता येत नाही. मी तिच्या अंगावर पडलो आणि हातानं तिचं तोंड झाकलं.

“बोलू नकोस! मी आहे! मी ठीक आहे! बोलू नकोस!”

“अहो-अहो-अहो,” माझा गळा म्हणत होता.

मी दुसऱ्या हातानं लॅपटॉप मिटवला. तरी चार-पाच ‘अहो’ आलेच. मग एकदम शांत झालं. फ्रिज सुरू झालेला ऐकू आला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, हिचे खांदे हलताहेत. मला वाटलं, रडतेय. मी हात काढला, तर ही हसत होती. आवाज न करता, ओठ घट्ट मिटून, डोळ्यांतून पाणी काढत, उशी पोटाशी धरून हसत होती. मी तसाच डॉक्टरबाईंना फोन लावला.

“बाई, ही हसली!”

“आवाज आला का?”

“नाही. फक्त खांदे हलले.”

“खांद्यांना काही होत नाही. तुम्ही जरा बसा, पाणी प्या.”

मी बसलो. पाणी हिनंच आणून दिलं. माझा चष्माही तिनंच शोधून पुसून दिला. मग पाटी घेतली.

‘तो अहो कधीचा?’

“मी परीक्षक म्हणून गेलो होतो तेव्हाचा. तू विचारलं होतंस, पोहोचलात का.”

तिनं पाटी पुसली. मग लिहिलं, ‘मी इतकी गोड बोलते?’

“एकशे शहाण्णवात एकदा,” मी म्हणालो. (संख्याशास्त्र माणसाला खोटं बोलू देत नाही.)

तिनं पाटीनं माझ्या गुडघ्यावर हलकेच मारलं. मग पुसून लिहिलं, ‘आता घंटी आणा.’ मी त्याच दुपारी आणली. उरलेले चार दिवस ती वाजत राहिली आणि मी धावत राहिलो. पण मनातून माझी धाकधूक काही जाईना. तोंड उघडलं होतं. मी वेळेवर पोहोचलो होतो की अर्ध्या क्षणानं उशिरा? गळ्यात इतका गोंगाट चालू होता की तिच्या घशातून काही निघालं का, हे मला सांगता आलं नसतं.

अकराव्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी नळी घालून आत पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पाच मिनिटं झाली असतील, माझा पुरा प्रबंध तपासायला दिल्यासारखं मला वाटत होतं.

“जखम सुरेख भरली आहे,” त्या म्हणाल्या. “आता बोलायचं. पण हळूहळू. आज फक्त पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हं, बोला काहीतरी. यांच्याशीच बोला. बिचारे दहा दिवस वाट बघताहेत.”

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत पुढे सरकलो. हातरुमाल काढून हातात ठेवला.

“अहो,” ही म्हणाली. तोच आवाज. कडेला किंचित खरखर, पण तोच. “तुम्ही जरा बाहेर बसता का?”

मी बाहेर जाऊन बाकावर बसलो. दार लागलं. शब्द कळत नव्हते, पण आवाज स्वच्छ येत होता, चढत, उतरत, मध्येच थांबत. मला इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून नुसता ऐकत राहिलो. मधूनमधून डॉक्टरबाई मोठ्यानं हसत होत्या. त्या तिसऱ्यांदा हसल्या, त्याच्या थोडं आधी ‘प्रोटोकॉल’ हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला. मग दार थोडंसं उघडलं. डॉक्टरबाईंनी नुसतं डोकं बाहेर काढलं, मला पायापासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं आणि दार पुन्हा लावलं. या वेळी दोघी हसल्या.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, “एवढं काय सांगत होतीस?”

हिनं मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पंधराच्या पंधरा मिनिटं संपली होती.

माझ्या वाट्याला सहा शब्द आले. (‘का’ धरून.)