मफलरवाल्याचा निकाल

आमचे शेजारी हिराजीदादा व्हिडिओ गेम उभ्यानं खेळतात. नुसते उभ्यानं नव्हे, पडद्यावरच्या हिरोनं उडी मारली की हेही मारतात. हिरो सडपातळ आहे, दादा नाहीत. त्यामुळे खालच्या मजल्यावरचे अन्सारीचाचा अधूनमधून वर येतात आणि हात जोडून म्हणतात, "हिराजीभाई, आपके हीरो को बोलो जरा आहिस्ता कूदे. मेरा पंखा झूल रहा है."

"हीरो का काम ही कूदना है, चाचा," असं सांगून दादा त्यांनाच आत बसवतात, चहा पाजतात आणि पुढची लेव्हल दाखवतात. चाचा पंखा विसरून टाळ्या पिटत बसतात.

दादा मूळचे खारबावचे, पण सगळं आयुष्य भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, फिटरकीत गेलं. तरुणपणी शिफ्ट सुटली की बाकीची पोरं चहाच्या टपरीवर जायची आणि हे गल्लीतल्या गेमच्या दुकानात. तिथं एक गेम होता. गळ्यात लांबलचक मफलर घातलेला एक बाबा उड्या मारतो, राक्षसांना बडवतो, मफलर खांबाला अडकवून दऱ्या पार करतो. त्याचं इंग्रजी नाव घ्यायच्या भानगडीत भिवंडीत कुणी पडलं नाही, सगळे ‘मफलरवाला’च म्हणायचे. पुढे दुकान बंद पडलं, पोरांची लग्नं झाली, गेमचे नवेनवे भाग मात्र येत राहिले आणि दादा एकही भाग न सोडता खेळत राहिले.

खेळत राहिले म्हणजे तपासत राहिले! लूमवरून उतरलेला कापडाचा ताका तपासावा तसा दादा गेम तपासतात. "किनार बग, किनार!" हे त्यांचं पालुपद. कापड असो, गेम असो, नाहीतर जावई असो, दादा आधी किनार बघतात. "पैला भाग म्हंजे शंभर टक्के कॉटन. दुसरा धुतला तरी आटत न्हाय. चौथ्यात पॉलिस्टर घुसलं, आनि सहावा तर निव्वळ चिंधी!" हे सगळं बेंबीच्या देठापासून ओरडून. त्याचं आम्हाला काही वाटत नाही. खिडकीखाली दिवसभर लूम खडखडत असतात, आमच्या गल्लीत प्रेमाचं बोलणंही ओरडूनच होतं.

आणि तपासणीत दयामाया नाही. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना या गृहस्थानं समोरचा अंतरपाट दोन बोटांत धरला, चोळून पाहिला आणि भटजींना म्हणाला, "किनार सुटलीय, दुसरा आना." वत्सलावहिनी अजून ते सांगतात आणि हसून हसून त्यांना ठसका लागतो.

तर परवा मफलरवाल्याचा नवा भाग आला. दादांची लेक सोनल पुण्याला नोकरी करते, तिनं हौसेनं वडिलांसाठी घेतला. लहानपणी ती दादांबरोबर खेळायची, उड्याही मारायची. रोज तिचा फोन. "बाबा, पास की नापास?"

"थांब गं, ताका अजून अर्धाच उलगडलाय!"

पहिले काही दिवस दादा नुसते हवेत होते. "उडीला वजन हाय बग! आनि मफलर सुटतो कसा, बॉबिनवरचं सूत सुटावं तसा! वा रे पठ्ठ्या!" मलाही हाताला धरून उड्या मारायला लावल्या. मी चाळिशीचा, गोडाऊनमध्ये कारकून. पण मारल्या.

मग तिसरी लेव्हल आली आणि घोडं अडलं. तिथं वरून एक गिधाड झडप घालतं. जुन्या भागांत ते येण्याआधी बारीक शीळ वाजायची, ती ऐकून उडी मारायची. नव्यात, दादा म्हणाले, शीळच नाही. "काढून टाकली मेल्यांनी! न सांगता मानूस मारतात! किनार सुटली रे, किनार सुटली!" गिधाड येई, मफलरवाला मरे. दादांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "पोरीनं एवढ्या हौसेनं घेतलाय. नापास केला तर तिचं तोंड उतरंल. पन खोट दिसत असताना पास कसा करू? आजवर कदी केला न्हाय."

शुक्रवारी लूम बंद असतात. गल्ली एकदम शांत. त्या दिवशी सोनलनं बजावलं होतं, आज निकाल हवाच. दादांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. टीव्हीचा आवाज फुल्ल, दादा पवित्र्यात उभे. तिसरी लेव्हल लागली आणि मला स्वच्छ ऐकू आली, सुईसारखी बारीक, लांब शीळ. पाठोपाठ गिधाड. मफलरवाला खलास.

"बगितलंस? हाय का शीळ?"

"दादा, वाजली की!" मी बोलून गेलो.

दादांनी गेम थांबवला आणि मटकन खाली बसले. गेमसमोर दादा बसलेले मी कधी पाहिले नव्हते. स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून ते माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले. म्हणजे त्यांना वाटलं ते कुजबुजतायत. ती कुजबूज थेट अन्सारीचाचांपर्यंत गेली असणार.

"मला संशय होताच रे. लूमनं कान खाल्लाय. जाडे आवाज येतात, बारीक येतच न्हाईत. वत्सलेला सांगू नको. ती खारबावची धवलारीन, लग्नात धवले गायची. तिचा तो बारीक आवाज ऐकूनच मी तिला मागनी घातली. अजून सैपाक करताना गाते. मला काय बी येत न्हाय. तिचे ओठ हलले की मी आपला ‘वा’ म्हनतो. तिला कळलं तर ती गायचीच बंद होईल."

स्वयंपाकघरातली भांडी एकाएकी वाजायची थांबली. मी दादांकडे बघेना, ते जमिनीकडे बघत होते.

आणि मग आतून गाणं सुरू झालं. पण काय गाणं! घोगरं, खालच्या पट्टीतलं, बैलगाडी ओढत न्यावी तसं. ते गातच वहिनी बाहेर आल्या, टीव्हीशेजारी पदर खोचून उभ्या राहिल्या आणि त्याच पुरुषी आवाजात म्हणाल्या, "चालू करा तुमचा बाबा."

गेम सुरू झाला. शीळ वाजली. "आला मुडदा!" वहिनी गरजल्या. दादा उडाले, मफलरवाला उडाला, गिधाड रिकामं गेलं! आम्ही तिघं लहान पोरांसारखे नाचलो. दादांनी तिथल्या तिथे फोन लावला. "सोनल! पास! किनारीसकट पास!"

मग फोन ठेवून ते वहिनींकडे बघत राहिले. डोळे भरले होते त्यांचे.

"वत्सले, आज तुजा आवाज असा का गं?"

"घसा बसलाय," वहिनी म्हणाल्या.

"मग असू दे," दादा म्हणाले. "काढा-बिढा घेऊ नको."