बेसिनखालची प्रवेशपरीक्षा

बायकोने बातमी दिली तेव्हा हेडक्लार्क दाढी करत होते. एक गाल मोकळा झाला होता, दुसरा अजून फेसाखाली होता.

"अहो, ती प्लंबर व्हायचं म्हणतेय."

"कोण ती?"

"आपल्याला एकच आहे."

रेझर हवेतच थांबला. हेडक्लार्कांनी आरशातल्या माणसाकडे पाहिलं, आरशातल्या माणसाने हेडक्लार्कांकडे पाहिलं. मुलीची शाळा संपली होती, मार्क चांगले होते, कॉलेजचे प्रवेश येत्या शनिवारी बंद होणार होते. अर्ज भरून तयार होता. फक्त तिची सही राहिली होती, आणि सहीचं नाव काढलं की ती स्वयंपाकघरातल्या सिंकखाली जाऊन बसत होती.

सुरुवात त्या सिंकनेच केली होती. मध्यंतरी ते गळायला लागलं, म्हणून कोपऱ्यावरच्या प्लंबरला बोलावलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. आधी ते स्वतःच स्वतःला म्हणायचे, मग लोकांनाही सवय झाली. मुलगी बॅटरी धरायला म्हणून त्यांच्याशेजारी बसली ती दुपारभर उठलीच नाही. तेव्हापासून तिची नजर कायम जमिनीलगत. कुणाकडे पाहुणी म्हणून नेली, तर हात धुवून येते म्हणून गायब व्हायची आणि थोड्या वेळाने आतून फ्लशच्या टाकीचं झाकण सरकवल्याचा आवाज यायचा. यजमान सभ्य असले तर पोट बरं आहे ना, एवढंच विचारायचे.

"तू तिला समजावलं नाहीस?"

"समजावलं की. म्हटलं, बाई गं, घाण काम असतं ते. तर म्हणते, घाण लोक करतात, प्लंबर काढतो. आता यावर तुम्हीच काय ते बोला."

हेडक्लार्क बोलणाऱ्यांतले नव्हते. उभा जन्म ऑफिसात काढून ते एक गोष्ट शिकले होते: नको असलेलं प्रकरण समोरून नाकारायचं नाही. ते अशा टेबलावर पाठवायचं, जिथून ते आपोआप परत येतं. दाढी उरकून ते तडक उस्तादांच्या दुकानात गेले.

उस्ताद स्टुलावर बसून एका जुन्या नळाशी हुज्जत घालत होते.

"एक दिवस तिला बरोबर न्या," हेडक्लार्क म्हणाले. "आणि तुमच्याकडचं सगळ्यात घाण काम असेल ना, तेच द्या. संध्याकाळी घरी आली की तिने स्वतःहून अर्जावर सही केली पाहिजे."

"म्हणजे माझं काम घाण."

"तसं नाही हो. म्हणजे, ज्याला सवय नाही त्याला."

उस्तादांनी जरा वेळ घेतला. अपमान झालाय की कामगिरी मिळालीय, ते त्यांना ठरवायचं होतं. शेवटी कामगिरीच जड भरली.

"साहेब, माझ्या हाताखाली आजवर एक पोरगं टिकलेलं नाही. एक तर जेवणाच्या सुट्टीत गेला तो चप्पल न्यायलासुद्धा आला नाही. तुम्ही निवांत राहा. उद्या एक तुंबलेली लाइन आहे, तीच देतो तिला. आयुष्यात बादली बघितली तरी कॉलेज आठवेल."

कुठली लाइन, कुणाची, हे हेडक्लार्कांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात पोचले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये पाणी होतं. पुरुषांच्या बाथरूममधलं बेसिन आठवडाभर कुरकुरत होतं, आज त्याने हात टेकले होते. बेसिन भरलं की पाणी फरशीवरच्या जाळीतून वर येत होतं, आणि टाइपिस्टबाई पाय खुर्चीच्या दांडीवर घेऊन टाइप करत होत्या. मॅडम, म्हणजे ऑफिसच्या मुख्य, साडी घोट्याच्या वर धरून उभ्या होत्या.

"प्लंबर येतोय," त्या म्हणाल्या. "कालच सांगून ठेवलंय. म्हणाला, उद्याचं सगळ्यात वाईट काम तुमचंच आहे."

कुठला प्लंबर, असं हेडक्लार्क विचारणार, तेवढ्यात जिन्यावर बादलीचा आवाज आला. पुढे उस्ताद होते. मागे हेडक्लार्कांचीच जुनी पॅन्ट दोरीने कमरेला बांधून मुलगी होती, खांद्यावर तुंबलेले पाइप मोकळे करायची गुंडाळलेली लोखंडी स्प्रिंग आणि चेहऱ्यावर जत्रेला निघाल्याचा आनंद.

हेडक्लार्क कपाटाकडे वळले आणि एक फाइल शोधू लागले. ऑफिसात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगी मोठ्या कॉलेजात जाणार. पेढ्यांचासुद्धा विषय निघाला होता.

"बाबा, तुमचं ऑफिस हे?" मागून आवाज आला. "उस्तादांनी सांगितलंच नाही."

टाइपिंग थांबलं. मॅडमनी साडी सोडली, ती पाण्यात पडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"ही तुमची मुलगी?"

"हो. म्हणजे, ते," हेडक्लार्कांनी फाइल छातीशी धरली, "कॉलेजच्या आधी थोडा अनुभव. आजकाल तसं करतात. प्रोजेक्टच म्हणा ना."

मॅडमचा चेहरा उजळला. "अहो, काय विचार केलात. नाहीतर आमचे चिरंजीव. ग्लास उचलून ठेवायचा तर त्यांना अनुभव लागतो. सगळ्यांनी बघा जरा. चला, इकडे या."

अशा रीतीने ज्या कामाने मुलगी एकटीच ओशाळायची होती, ते बघायला अख्खं ऑफिस बाथरूमच्या दारात जमलं. त्यातही बाथरूममधला दिवा पाण्यामुळे बंद करून ठेवला होता. उस्तादांचे दोन्ही हात पान्यावर, मुलीचे दोन्ही हात बादलीवर. बॅटरी धरायला एकच मोकळा माणूस मॅडमना दिसला, आणि तो फाइल धरून उभा होता.

हेडक्लार्क पॅन्ट वर खोचून बेसिनखाली उकिडवे बसले.

"हा बाक कशाला असतो, उस्ताद?" मुलीने पहिला प्रश्न केला. बेसिनखालचा वाकडा पाइप निघाला होता.

"असतोच."

"असतोच, पण कशाला? सरळ ठेवला तर पाणी लवकर जाईल ना?"

"वास येईल. बाकात पाणी साचून राहतं, ते वास अडवतं."

"पाणी वास कसं अडवतं?"

"अडवतं. पाना दे."

पाना आला, पण प्रश्न थांबले नाहीत. स्प्रिंग गोलच का फिरवायची? आत कुठे अडलंय ते हाताला कसं कळतं? खालच्या मजल्याचा पाइप आणि आपला एकच, तर खालचे लोक हात धुतात तेव्हा आपल्याकडे हवा येते का? उस्तादांच्या कपाळावर घाम आला. तुंबलेल्या लाइनीने त्यांना कधी घाम फुटला नव्हता. दारातली मंडळी मात्र एकेक प्रश्नाला पुढे सरकत होती, आणि हेडक्लार्कांनाही आपली बॅटरी खालच्या मजल्याच्या पाइपाकडे वळलेली दिसली. खरंच, येत असेल का हवा?

"लाइट इकडे, साहेब," उस्ताद म्हणाले.

स्प्रिंगने आत कशाला तरी गाठलं. उस्तादांनी ओढलं, मुलीने बादली पुढे केली, आणि पाइपातून एक पांढरट, घट्ट, लांबलचक वळकटी बाहेर आली. मुलीने ती बोटांत धरून बॅटरीखाली नेली. त्यात जवस होते. भोपळ्याच्या बिया होत्या.

हेडक्लार्कांनी ती लगेच ओळखली. डॉक्टरांनी त्यांना तळलेलं बंद केल्यापासून बायको रोज डब्यात ओट्सची लापशी देत होती, स्वतः कुटलेले जवस आणि भाजलेल्या बिया घालून. आणि रोज दुपारी ती लापशी या बेसिनात सोडून हेडक्लार्क खालच्या टपरीवर काहीतरी खमंग खायला जात होते. डबा घरी चाटूनपुसून स्वच्छ जायचा. बायको शेजारणींना सांगायची, ह्यांना आता लापशीशिवाय चालत नाही.

मुलीने वळकटीकडे पाहिलं. मग बॅटरीमागच्या माणसाकडे पाहिलं.

"काय निघालं गं?" मॅडमनी दारातून विचारलं. "कोण टाकतं हे? मला नाव हवंय."

"चहाचा चोथा आहे, मॅडम."

"पांढरा?"

"दुधाचा चहा असेल."

हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. कन्येचं इतकं कौतुक त्यांना तिच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पण मुलीचं अजून समाधान झालं नव्हतं. चोथा इथेच का अडला, पुढे का नाही गेला, हे तिला पाहायचं होतं. तिने हेडक्लार्कांच्या टेबलावरची अर्धी भरलेली पाण्याची बाटली मागवली, भिंतीलगतच्या आडव्या पाइपावर झोपवली, आणि गाल फरशीला लावून बघत राहिली. बाटलीतलं पाणी बेसिनच्या बाजूला जमा झालं.

"उस्ताद, हा पाइप उलटा उतरलाय. बाहेर जाताना पाण्याला चढावं लागतंय. कुणी बसवला हो हा?"

उस्ताद स्प्रिंग पुसत होते. ती त्यांनी पुन्हा पहिल्यापासून पुसायला घेतली. बाथरूम नवीन केलं तेव्हा हे काम कुणी केलं होतं ते हेडक्लार्कांना आठवत होतं. पैसे मंजूर करायचा कागद त्यांनीच पुढे पाठवला होता. दोघा पुरुषांची बेसिनखाली नजरानजर झाली, आणि एका चोराने दुसऱ्याला ओळखावं तशी ओळख पटली.

"इमारत खचली असेल," उस्ताद म्हणाले.

"खचते कधीकधी," हेडक्लार्क म्हणाले.

मुलीने उस्तादांना पाइप धरणाऱ्या पट्ट्या सैल करायला लावल्या, बाटलीतलं पाणी दुसऱ्या बाजूला सरकेपर्यंत पाइप हलवायला लावला, पुन्हा आवळून घेतलं. बेसिन जोडलं, भरलं, सोडलं. पाणी गोल फिरून घसा साफ केल्यासारखा आवाज करत निघून गेलं. ऑफिसने टाळ्या वाजवल्या. मुलीने मात्र भिंतीला कान लावला होता.

"बाबा, इकडे या. ऐका."

हेडक्लार्कांनी भिंतीला कान लावला. आधी काहीच नाही. मग लांब कुठेतरी, दुसऱ्या मजल्यावर असेल, एक बारीक धावता आवाज, तो खाली गेला, आणखी खाली, वळला, आणि मग फक्त भिंत. नोकरी लागल्यापासून ते या बेसिनात हात धूत होते. पाणी पुढे कुठे जातं हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी शेजारी पाहिलं. लापशीने बरबटलेल्या त्या चेहऱ्यावर जे होतं, ते कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या एकाही हसऱ्या फोटोत नव्हतं.

"पुन्हा सोड बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी उस्ताद मुलीला घरी पोचवायला आले. मुलगी अंघोळीला गेली. बायकोने आतून बिस्किटं आणली आणि आवाज खाली आणून विचारलं, "झालं ना मनासारखं? उतरलं ना डोक्यातलं खूळ?"

"ती उद्यापासून उस्तादांकडे जाईल," हेडक्लार्क म्हणाले.

बायकोने ताटली टेबलावर ठेवली. "तुम्हाला बरं नाही का?"

"मला छान वाटतंय. उस्ताद, तिला शिकवा तुम्ही."

"नाही जमणार," उस्ताद म्हणाले.

आता ताटली नसतानाही बायकोचे हात ती धरल्यासारखे तसेच राहिले.

"का? काम येत नाही तिला?"

"काम येतं. तेच तर. वहिनी, पळून जाणारी पोरं मी पाहिलीत. पण हिच्यापासून मला पळावंसं वाटलं. दिवसभर हे का, ते का. मला येतं सगळं, पण मला सांगता येत नाही, आणि तिला सांगितल्याशिवाय चालत नाही. तिला कॉलेजात घाला. तिथल्या लोकांना उत्तरं द्यायचा पगार असतो."

"अहो, पण तिला कॉलेजात जायचंच नाही," हेडक्लार्क काकुळतीला आले. कालच्या उलट बाजूने आपण याच माणसाच्या विनवण्या करतोय, हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता इलाज नव्हता. "तुम्ही नाही म्हणालात तर ती कुठेच जाणार नाही. घरात बसेल. सिंकखाली."

"कुणी सांगितलं मला जायचं नाही म्हणून?" मुलगी केस पुसत दारात उभी होती. "तुम्ही अर्ज भरलात तो हिशेबनिसाच्या अभ्यासाचा. मला विचारलंत कुठे? पाणी, पाइप, उतार, दाब, हे शिकवतात का कुठे, ते मला माहीत नव्हतं. म्हणून म्हटलं, माहीत असलेल्याकडे जावं."

तिघांनीही बिस्किटं घेतली.

"शिकवतात ना," हेडक्लार्क शेवटी म्हणाले. "त्याच कॉलेजात. दुसऱ्या इमारतीत. मी तो रकाना बघून पुढे गेलो होतो."

मग वाटाघाटी झाल्या. सकाळी कॉलेज, दुपारी उस्ताद. उस्तादांनी बराच वेळ नकारार्थी मान हलवली, मग दोन अटी घातल्या. गिऱ्हाइकासमोर पाइप कुणी बसवला हे विचारायचं नाही. आणि सकाळी जे कळेल ते दुपारी येऊन त्यांना सांगायचं, पण चारचौघांत नाही. मुलीने दोन्ही मान्य केल्या. आपल्यालाही एक अट घालावी असं बायकोच्या मनात होतं, पण तिला कशाचाच पत्ता लागत नव्हता.

हेडक्लार्क उस्तादांना फाटकापर्यंत सोडायला गेले. उस्ताद पिशवी खांद्यावर टाकून उभेच राहिले.

"साहेब, येताना रस्त्यात तिने विचारलं, पाण्याला कसं कळतं खाली कुठे आहे ते."

"मग?"

"मग काय. हयात गेली माझी पाणी खाली नेण्यात. मला वाटत होतं, मी नेतोय." त्यांनी गटाराच्या झाकणाकडे पाहिलं, जणू ते काही बोलेल. "कॉलेज उघडतं कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"इतक्या उशिरा?" उस्ताद म्हणाले.